हिंमतरावांचा सालसंग्राहक पाट

गोजरबाईंची शेळी चहाच्या वेळेला ओरडायची. चहाची वेळ तिला कशी कळते, हा प्रश्न नांदुऱ्यात कोणालाच पडला नव्हता.

सुतार मोतीरामनं उभ्या आयुष्यात बैलापेक्षा हलक्या जिवासाठी काही बनवलं नव्हतं.

अख्खं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, बाईनं आधी चिरायचं नसतं. पहिली चीर पुरुषानं द्यायची, मग बायांनी त्याचं काय हवं ते करावं. घरात पुरुष नसला तर शेजारचा बोलवायचा. असं का, हे विचारलं तर म्हातारी माणसं विचारणाऱ्याकडेच पाहत राहतात.

विभाग तिसरा : स्त्रियांचे हस्तकाम. भरतकाम, विणकाम, रांगोळी, लोणची.

हिंमतराव आपल्याच स्वयंपाकघरात घसरून पडले. सालीवरून पडले. कशाची साल, ते त्यांनी पाहिलं नाही. पडलेल्या माणसाला आधी उठायची घाई असते आणि मग ओरडायची.

बंद पडलेल्या घड्याळाची स्प्रिंग. अर्धा कापलेला घासलेटचा डबा. मेण.

या गोष्टींची एकमेकींशी काही ओळखदेख नव्हती. ती हिंमतरावांनी करून दिली. पुढं बरीच वर्षं, कोणी नुसतं "भाजी काय केली आज?" असं विचारलं तरी त्यांचे कान लाल व्हायचे, ते या ओळखीमुळं.

हिंमतराव शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. गणिताच्या मास्तरला मुलं घाबरत, संस्कृतच्या मास्तरला नमस्कार करत, आणि ड्रॉइंग मास्तरकडं रबर मागत. अशा माणसाला घरात तरी मान हवा असतो. घरात माणसं दोनच, ते आणि रुक्मिणीबाई, त्यामुळं मान देणारं माणूस एकच होतं, आणि नेमकं तेच माणूस, ते जमिनीवर आडवे असताना दारात येऊन म्हणालं, "लागलं काय?"

"लागलं काय म्हणजे? ही साल इथं कशी?"

"मी झाडलं होतं बाप्पा सकाळी."

"मग साल काय चालत आली?"

रुक्मिणीबाईंनी साल उचलली आणि बाहेर नेली. हिंमतरावांना वाटलं, गप्प बसली म्हणजे चूक कळली. संध्याकाळपर्यंत त्यांनी बायकोला माफही करून टाकलं. माफ करताना माणसाला फार उंच झाल्यासारखं वाटतं, आणि उंचावरून त्यांना दिसलं ते असं : दोष बाईचा नाही, विळीचा आहे. भाजी चिरली की साल खाली पडते. खाली पडते कारण तिला जायला दुसरी जागाच ठेवलेली नाही. इतकी शतकं बाया विळीवर बसताहेत, आणि एकालाही हे सुचलं नाही! एकालाही, असंच त्यांच्या मनात आलं. एकीलाही, असं आलं नाही.

इथं सांगितलं पाहिजे की वऱ्हाडात विळीला पावशी म्हणतात. हिंमतराव ड्रॉइंग मास्तर असल्यामुळं विळी म्हणत.

रचना अशी होती. पाटाला पात्याशेजारी तळहाताएवढं भोक. भोकावर लाकडी झडप. झडपेखाली अर्धा डबा, तो मागून खणासारखा सरकणारा, आणि तो सरकू नये म्हणून एक खिटी. बाईनं साल हाताच्या कडेनं लोटावी. झडप दबते, साल आत पडते, घड्याळाच्या स्प्रिंगनं झडप टक् करून मिटते. कडेनं मेण, म्हणजे वास बाहेर येणार नाही. डबा भरला की रिकामा करावा. कोणी करावा, हे नकाशात दाखवलेलं नव्हतं. बाकी सगळं दाखवलं होतं, वरून, समोरून आणि बाजूनं, तीन रंगांच्या शाईत; आणि खाली ठसठशीत अक्षरांत नाव : सालसंग्राहक पाट.

आता याला पातं कुठलं? नवं पातं घडवून घेता आलं असतं. पण हिंमतरावांचं म्हणणं पडलं, सुधारणा ही जुन्याचीच करायची असते. रुक्मिणीबाईंची विळी त्यांच्या आईनं दिलेली होती. पातं वडनेर भोलजीच्या लोहारानं घडवलेलं, आणि पाट इतका वापरलेला की रुक्मिणीबाईंच्या डाव्या पायाचा खळगा त्यात पडला होता. त्या त्यावर पाय ठेवत तेव्हा पाय ठेवल्यासारखं वाटतच नसे. पाय घरी आल्यासारखा वाटे. या गल्लीत कोणाचंही लग्न निघालं की भाजी चिरायला बाया आपापली पावशी घेऊन जात, आणि पहिली जागा रुक्मिणीबाईंची असे. कोणी दिलेली नव्हती. त्या बसत तिथून रांग सुरू होई, एवढंच.

"न्या," त्या म्हणाल्या. "पन माही एक अट हाये. कोकिळाच्या लग्नाआधी माही पावशी मले होती तशी परत पायजे."

कोकिळा म्हणजे शेजारच्या गोजरबाईंची एकुलती लेक. नवरा गेल्यावर गोजरबाईंनी शेळी, चार वाफे भाजी आणि कोकिळा, या तिघांना सारख्याच ओरडून वाढवलं होतं. लग्न वैशाखात होतं.

"लग्नाआधी," हिंमतराव म्हणाले. "ड्रॉइंग मास्तरचा शब्द आहे."

मोतीराम सुतारानं नकाशा हातात घेतला, उलटा धरला, आणि म्हणाला, "हाव, होते."

"नकाशा असा धर."

"कसाबी धरा, होते. मजबूत पायजे ना मास्तर?"

"मजबूत तर हवाच."

"मंग बाभूळ."

पाट तयार झाला तेव्हा तो उचलायला दोन माणसं लागली. पाय म्हणून मोतीरामनं बैलगाडीच्या जुन्या जूचे तुकडे लावले होते. खाली डबा बसायचा म्हणून उंची गुडघ्यापर्यंत गेली. उत्तमराव, हे पलीकडच्या घरातले तहसिलीतून निवृत्त झालेले कारकून, सकाळी दात घासत आले आणि ओसरीवर उभे राहून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मास्तर, बैल कोठी हाये?"

"ही विळी आहे."

"असं." ते चूळ भरून परत आले. "मले वाटलं तेलाचा घाना घेतला."

रुक्मिणीबाईंना त्यावर बसायला आधी एक पाट, पाटावर पोतं आणि पोत्यावर घोंगडी लागली. वर बसल्यावर त्यांनी समोर पाहिलं. कोनाड्यातले देव खाली दिसत होते.

"देवापेक्षा उंच बसून मी वांगं चिरू काय?"

"देव समजून घेतात. तू झडप पाहा."

रुक्मिणीबाईंनी साल लोटली. झडप दबली, टक् झालं, आणि साल उडून हिंमतरावांच्या कपाळावर येऊन चिकटली. घड्याळाची स्प्रिंग फार इमानदार होती. मोतीरामला पुन्हा बोलावलं. त्यानं तिला चार वेढे कमी दिले, आणि त्याच हातानं पात्याला एक पाचर मारून ठेवली, "मजबुतीसाठी." तेव्हापासून साल आत जाऊ लागली. फरशीवर एक देठ पडत नव्हता. आठवडाभर हिंमतराव स्वयंपाकघरात मुद्दाम अनवाणी, मुद्दाम भरभर, मुद्दाम वर पाहत चालले.

याच आठवड्यात त्यांचा चहा काळा झाला.

चहात दूध गोजरबाईंच्या शेळीचं असे. ते रोज सकाळी लोटीतून येई. येईनासं झालं. हिंमतरावांना वाटलं, शेळी आटली. दुसऱ्याची शेळी आटली की त्याबद्दल विचारू नये, घरातलं माणूस आजारी असल्यासारखं वाटतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही आणि काळा चहा सुधारकाच्या धीरानं पिऊ लागले. शेळी मात्र चहाच्या वेळेला पूर्वीपेक्षा जास्त ओरडत होती. आटलेल्या शेळीला दुःख होत असेल, असं ते समजले.

खरं तर इथंच थांबता आलं असतं. लग्नाला अवकाश होता, पातं काढून जुन्या पाटाला बसवायचं काम सकाळचं होतं. पण उत्तमरावांना सल्ला सुचला, आणि निवृत्त कारकुनाला सुचलेला सल्ला हा शिक्का मारूनच बाहेर येतो.

"मलकापूरले प्रदर्शन हाये, मास्तर. डिप्टी कमिशनरसाहेब येऊन राह्यले. बक्षीस त्याहीच्या हातून. तुमी हे घरात काऊन ठेवता? गाडीत घाला, न्या."

डेप्युटी कमिशनरसाहेब हिंमतरावांच्या पाटासमोर उभे आहेत, गणिताचे मास्तर गर्दीत मागं टाचा उंच करून पाहताहेत, हे चित्र हिंमतरावांनी मनातल्या मनात तीन बाजूंनी काढलं. समोरून, वरून आणि बाजूनं.

प्रदर्शनाच्या नोंदणीला बसलेला कारकून तरुण होता आणि नेमक्या प्रश्नांचा होता.

"वस्तू काय?"

"सुधारलेली विळी."

"पातं हाये?"

"विळी म्हटल्यावर पातं असणारच."

"पातं हाये म्हंजे हत्यार. हत्याराले पोलिस पाटलाचा दाखला लागते."

"अहो, ही भाजी चिरायची आहे!"

"मंग अवजारात लिहू. पहिला विभाग, शेतीची अवजारं. यानं शेतातलं काय कापता येते?"

"शेतातलं नाही. घरातलं."

"मंग नाही. दुसरा विभाग, लाकूडकाम. सगळी लाकडाची हाये?"

"खाली डबा आहे टिनाचा."

"मंग नाही." कारकुनानं कागद उलटला आणि त्याचा चेहरा उजळला. "हे पाहा. तिसरा. स्त्रियांचे हस्तकाम. पावशीवर कोन बसते घरी?"

"पत्नी."

"त्याहीचं नाव सांगा."

अशा रीतीनं सालसंग्राहक पाट, कर्ती सौ. रुक्मिणीबाई, हा रुमाल आणि लिंबाच्या लोणच्याच्या रांगेत नोंदला गेला. हिंमतराव "पण कल्पना माझी" असं म्हणाले, तेव्हा कारकून म्हणाला, कल्पनेचा विभाग नाही. आणि वर आणखी एक : वस्तू नवीन असल्यामुळं ती गृहिणींनी वापरून पाहिल्याचा दाखला हवा. पाच गृहिणींची सही, किंवा अंगठा.

पाच गृहिणी. गुडघाभर उंच बाभळीवर बसायला तयार होतील अशा पाच. हिंमतराव गल्लीतून फिरले. एकीचं डोकं दुखत होतं, एकीचा पोरगा झोपला होता, आणि झुंबरबाई, ज्या गल्लीत सर्वांत म्हाताऱ्या होत्या आणि ज्यांना कोणी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं, म्हणाल्या, "मास्तर, मले आता वर चढवू नका. एकदाच चढन मी, चौघाच्या खांद्यावर."

उत्तमराव म्हणाले, "लग्नाची भाजी कवा चिरतात? आदल्या दिवशी दुपारी. गोजरबाईच्या आंगनात पंधरा बाया एका जागी. तुमी शाईची गादी घेऊन जा."

"मी? बायांत?"

"कोहळ्याले चीर द्यायले तुमीच तर जाता दरसाली. बोलावनं असते तुमाले."

हे खरं होतं. गोजरबाईंच्या घरात पुरुष नव्हता. संक्रांतीला, पोळ्याला, कधी कोहळं आलं की निरोप येई, "मास्तरले पाठवा." हिंमतराव जात, एक चीर देत, आणि परत येत. सगळ्या नांदुऱ्यात त्यांच्यावाचून अडून राहील असं हे एकच काम होतं, आणि त्याची किंमत त्यांना तोवर कळली नव्हती.

"तुमी म्हनलं होतं, लग्नाआधी," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"लग्न उद्या आहे. आज नुसती भाजी."

"भाजीचंच म्हनून राह्यली मी."

"तुझीच विळी आहे ना ती? तूच बसणार ना तिच्यावर? सगळ्यांपेक्षा उंच!"

रुक्मिणीबाईंनी पदर सारखा केला. जुना पाट त्यांनी पाण्याच्या रांजणाखाली ठेवला होता. त्याच्याकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि नुसत्या हातांनी शेजारी निघून गेल्या. हिंमतरावांना हे दिसलं. दिसलं, आणि त्यांनी शाईची गादी खिशात घातली.

आता डब्याचं. डबा भरलेला होता. चार-पाच दिवस भरलेलाच होता. साल दिसेनाशी झाल्यापासून ती आहे याचीच कोणाला आठवण राहिली नव्हती. रुक्मिणीबाईंना त्या खिटीची भीती वाटे आणि हिंमतरावांना वाटे की डबा रिकामा करणं हे रचनाकाराचं काम नव्हे. निघताना मोतीराम म्हणाला, "खाली करू काय, मास्तर? जड हाये." आणि हिंमतराव म्हणाले, "नको. भरलेला दाखवला तरच खरं. वैशाखात इतक्या दिवसांच्या साली, आणि बाहेर वास नाही! हेच तर दाखवायचं."

वास खरोखरच नव्हता. मेण चांगलं होतं.

गोजरबाईंच्या अंगणात कडुनिंबाखाली धुतलेली पांढरी चादर अंथरली होती. दोन्ही बाजूंनी बाया बसलेल्या. प्रत्येकीच्या पुढ्यात तिची तिची पावशी; कोणाची जुनेऱ्यात गुंडाळून आणलेली, कोणाच्या पात्याला दोरा बांधलेला, ओळखू यावी म्हणून. चादरीवर वांग्याबटाट्यांचा ढीग चढत होता. साली पायाशी पडत होत्या आणि कोणी घसरत नव्हतं. रांगेच्या सुरुवातीला रुक्मिणीबाईंची जागा रिकामी होती. त्या स्वतः टोकाला बसून लसूण सोलत होत्या. लसणाला पावशी लागत नाही.

मोतीराम आणि हिंमतराव पालखी आणावी तसा पाट घेऊन आले आणि रिकाम्या जागी त्यांनी तो टेकवला. जमीन थोडी हादरली.

"आलं बाई," झुंबरबाई म्हणाल्या. "मास्तर, यात लेकरू झोपते काय?"

बाया पदरात हसल्या. हिंमतरावांनी घसा साफ केला. शाळेत ते कधी भाषण करत नसत, कारण कोणी करू देत नसे. इथं पंधरा बाया होत्या आणि हात गुंतलेले होते, कोणाला उठून जाता येत नव्हतं. त्यांनी सालीचा इतिहास सांगितला. झडपेचं महत्त्व सांगितलं. वास येतो का, म्हणून नाक जवळ नेऊन पाहायला सांगितलं. झुंबरबाईंनी पाहिलं आणि कबूल केलं की येत नाही. हळद लागलेली कोकिळा दारात येऊन उभी राहिली. हिंमतरावांना वाटलं, डेप्युटी कमिशनरसाहेब नसले तरी सुरुवात वाईट नाही.

"मास्तर," गोजरबाई चुलाणापाशी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "कोहळ्याले तेवढी चीर द्या. मंग तुमचं आंगठ्याचं पाहू."

कोहळं वडनेरहून आलेलं, बैलगाडीच्या चाकाच्या मधल्या तुंब्याएवढं. हिंमतरावांनी ते कवेत घेतलं. साध्या पावशीवर माणूस वाकून, गुडघा टेकून, अंगाचा भार टाकून कोहळं चिरतो. इथं वाकता येत नव्हतं. उभ्यानंच ते पात्यावर टेकवावं लागलं. त्यांनी जोर लावला.

इथून पुढचं हिंमतराव कधीच क्रमानं आठवू शकले नाहीत. तुकडे आठवत.

पाचर कचकन बोलली.

कोहळं पात्यावरून घसरलं, अंगावर एक ओरखडाही न घेता, आणि झडपेवर बसलं.

खिटी कोणीतरी फेकावी तशी उडून गेली.

टक्.

डबा मागून बाहेर आला. तो रिकामा डबा येतो तसा आला नाही. त्यात जे होतं ते आता साल राहिलेलं नव्हतं. वैशाखानं त्याचं काय करायचं ते केलं होतं, आणि मेणानं इतके दिवस जे राखून ठेवलं होतं ते सगळं एकदम, थोडंही हातचं न राखता, पांढऱ्या चादरीवर, वांग्यांवर, बटाट्यांवर, गोजरबाईंच्या चार वाफ्यांतल्या भाजीवर पसरत गेलं.

आणि पातं मोडलं. पाटाशी मोडलं. तो आवाज बाकी सगळ्या आवाजांपेक्षा लहान होता.

झुंबरबाईंनी पदर नाकाला लावला आणि त्यांना बोलायला काही सुचलं नाही, हे गल्लीनं प्रथमच पाहिलं. कोकिळा दारातून आत गेली. ती रडली की नाही ते हिंमतरावांना कळलं नाही; पण दार तिनं फार हळू लावलं, आणि तो हळूपणा त्यांच्या अंगभर पसरला. उद्या सकाळी वऱ्हाड येणार होतं. एका विधवेच्या दारात, तिनं ज्याला घरचा पुरुष म्हणून बोलावलं होतं, त्यानं तिच्या लेकीच्या लग्नाच्या पंगतीवर आपल्या घरचा उकिरडा आणून ओतला होता. आणि खिशात शाईची गादी होती.

"मी... मी आत्ता वडनेरले जातो," ते म्हणाले. भीतीनं त्यांची पुस्तकी भाषा गळून पडली होती. "भाऊच्या वावरात वांगे हायेत. मी घेऊन येतो. मले जाऊ द्या."

त्यांना कोणी अडवलं नव्हतं. पण गाडी कोणाची, बैल कोणाचे, हे त्यांना काही आठवेना. रुक्मिणीबाई उठल्या. त्यांनी मोडक्या पात्याकडं पाहिलं, ते उचललं, पुसलं, आणि कमरेला खोचलं. मग म्हणाल्या, "पानी आना व."

आणि बाया हलल्या. दोघींनी चादर चारी कोपऱ्यांनी उचलून नेली. कोणी शेण आणलं, कोणी राख. एकेक बाई उठून आपल्या घरी गेली आणि घरात होतं ते घेऊन आली : कोणी गवार, कोणी दोडकी, कोणी चार कांदे, झुंबरबाईंनी नातवासाठी लपवून ठेवलेली भेंडी. उद्या पंगतीत त्या भाजीला काय म्हणायचं हे कोणाला ठरवता येणार नव्हतं. हिंमतराव मधे उभे होते, आणि प्रत्येक बाई त्यांना वळसा घालून जात होती, खांबाला घालतात तसा.

ते शेळीच्या गोठ्यात जाऊन बसले. दुसरी जागा नव्हती.

शेळी त्यांच्याकडं पाहत होती. तिची कास भरलेली होती. ड्रॉइंग मास्तरला आकार कळतो. भरलेली कास आणि आटलेली कास यांतला फरक त्यांना या क्षणी, वरून, समोरून आणि बाजूनं, स्वच्छ दिसला.

गोजरबाई टोपलीभर साली घेऊन आल्या. ताज्या, गवारीच्या, दोडक्यांच्या. त्यांनी त्या शेळीपुढं टाकल्या.

"शेळी आटली होती ना?" हिंमतरावांनी विचारलं.

"काऊन आटन? तुमच्या घरून साली येनं बंद झालं, मास्तर. पाच वर्षापासून येत होत्या. मले वाटलं, वहिनी रुसली माह्यावर. मंग मी दूध कसं पाठवू? रुसलेल्या घरी लोटी पाठवनं बरं दिसते काय?"

"विचारायचं होतं तिला."

"साल काऊन नाही देत, असं कोनाले इचारता येते काय?"

आणि पलीकडं रुक्मिणीबाईंनाही सांगता आलं नव्हतं, की आमच्या मालकांनी साली डब्यात कोंडून वर मेण लावलंय. दोन बाया एका भिंतीच्या दोन बाजूंना गप्प बसल्या होत्या, आणि हिंमतराव मधे काळा चहा पीत होते.

"मले लाज वाटते, गोजरबाई," ते म्हणाले. इतकं सरळ वाक्य ते पूर्वी कधी बोलले नव्हते.

"वाटू द्या," गोजरबाई म्हणाल्या. "पन बसून नका राहू. कोहळं तसंच हाये."

"मोतीरामले सांगा."

"मोतीराम तवाच पळाला. उठा. लगन माह्या पोरीचं हाये, पुरुष शोधाले मी मलकापूरले जाऊ काय?"

अंगणात पुन्हा रांग बसली होती. सुरुवातीच्या जागेवर रुक्मिणीबाई होत्या, पुढ्यात गोजरबाईंची पावशी. गोजरबाईंनी आपली पावशी त्यांना दिली होती आणि स्वतः चुलाणाकडं गेल्या होत्या. बाभळीचा पाट कडेला उलटा पडला होता, पाय वर करून. हिंमतराव बायांच्या मधून चालत आले. हातांना अजून वास होता. त्याला कोंडायला आता मेण नव्हतं.

रुक्मिणीबाईंनी पावशी त्यांच्याकडं वळवली, पण पाटावरचा पाय काढला नाही. हिंमतराव जमिनीवर बसले, वाकले, गुडघा टेकला. त्यांचं डोकं बायकोच्या गुडघ्यापाशी आलं. कमरेला खोचलेल्या पात्याचं टोक तिथून दिसत होतं.

"ते पातं..." ते हळू म्हणाले.

"कोहळं धरा."

त्यांनी धरलं. तिनं पायानं पाट दाबून धरला, त्यांनी भार टाकला, आणि कोहळं चिरलं. आतून केशरी निघालं. झुंबरबाईंचा आवाज परत आला.

"आता कसं!" त्या म्हणाल्या. "मास्तर, आंगठा कोठी लावू?"

त्यावर सगळ्या हसल्या, दार किलकिलं करून कोकिळाही हसली, आणि हिंमतराव इतके लाल झाले की कोणाला वाटलं असतं, त्यांनाही हळद-कुंकू लागलं. त्या दुपारी ते उठून घरी गेले नाहीत. खाली पडलेल्या साली गोळा करून शेळीकडं नेत राहिले. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी नको म्हटलं नाही.

प्रदर्शनातून नाव काढायला अर्ज करावा लागला. कारकून म्हणाला, कर्तीची संमती पाहिजे. रुक्मिणीबाईंनी कागदावर अंगठा उठवला, हिंमतरावांच्याच शाईच्या गादीवरून. वडनेरच्या लोहारानं नवं पातं घडवून दिलं. ते जुन्या पाटात बसलं, खळगा होता तिथंच होता. पण पहिले काही महिने त्या भाजी चिरताना मधेच थांबत आणि हात पात्याकडं पाहून पुढं नेत, जे त्यांना पूर्वी करावं लागत नसे. हिंमतराव तेवढ्यापुरते बाहेर जात. दूध परत सुरू झालं. चहा पांढरा झाला, आणि तो पिताना शेळी ओरडली की ते कप खाली ठेवत.

हिंमतराव घसरले त्या दिवशी एकादशी होती. रुक्मिणीबाईंचा उपास नुसत्या पाण्यावर होता, विळी फळीवरून खाली आलीच नव्हती, आणि घरात केळं एकट्या हिंमतरावांनीच खाल्लं होतं.